गाय रजिस्टरात, शेण कुठे?

सूरत म्हटले की मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. आता सूरतेचे नाव शेतीच्या भाषणांतही ऐकू येते. १० जुलै २०२२ रोजी तिथे नैसर्गिक शेतीचे संमेलन झाले. प्रत्येक पंचायतीतून ७५ शेतकरी, साडेपाचशेच्या वर पंचायती, चाळीस हजारांच्या वर शेतकरी असा हिशेब तिथे मांडला गेला. पंतप्रधानांनी हा नमुना देशापुढे ठेवला.

मी सरकारी कारकून. ५५० गुणिले ७५ म्हणजे ४१,२५०. शेतातून वर येणारा आकडा इतका नेटका कधीच नसतो. असा आकडा उद्दिष्टातून खाली उतरतो, आणि तो रजिस्टरात कसा भरतात हे आम्हाला कोणी शिकवायला नको!

पद्धतीला माझा विरोध नाही. ती आपल्याच विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी गावोगाव नेली. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी : एकरभराचे जीवामृत तयार. एक देशी गाय तीस एकरांना पुरते, असे ते सांगतात. पण या हिशेबात गाय म्हणजे फक्त विरजण! ती खाणार काय, तिच्या पाड्याचे पुढे काय, रोज गोठा कोण काढणार? गुजरात सरकार गायीसाठी महिना ९०० रुपये देते, हे चांगलेच. पण दिवसाला ते तीस रुपये पडतात. आणि 'शून्य खर्च' म्हणताना घरच्या बाईची मेहनत शून्य धरायची, हा कुठला न्याय?

आपल्या कुळागरात हा हिशेब वेगळा होता. भाताचा पेंढा गोठ्यात, शेण आणि पालापाचोळा खताच्या खड्ड्यात, तिथून खत पोफळीला, माडाला आणि पुन्हा भाताला. पाडा मोठा होऊन नांगराला. विकत आणायचे ते थोडेच. पॉवर टिलर आला आणि बैलाचे काम गेले. कापणीचे मोठे यंत्र आले आणि पेंढा चिखलात विस्कटून राहिला. मोकाट गुरांच्या भीतीने कित्येकांनी वायंगण सोडले. आज युरियाची गोणी शेतात आहे आणि गाय हमरस्त्यावर, पावसातल्या काळोखात ट्रकची वाट पाहत.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले. उद्दिष्ट एक कोटी शेतकऱ्यांचे. म्हणजे तेच रजिस्टर आपल्याही टेबलावर येणार. गोव्याची श्वेतकपिला २०२० साली देशी जात म्हणून नोंदली गेली, तेव्हा आपण अभिमानाने बातम्या वाचल्या. तिच्या वैरणीचे काय, हे कोणी विचारले?

मग रजिस्टरात रकानेच बदला. किती शेतकरी 'सामील' झाले ते नको. किती पेंढा गोठ्यात पोचला, किती गाडी खत शेतात पडले, किती वायंगण पुन्हा पिकले, ते लिहा. अनुदान द्यायचे तर पेंढा गोळा करणाऱ्या यंत्राला, गावच्या सामायिक गुराख्याला आणि शेण उचलणाऱ्या हाताला द्या. हे रकाने भरायला वेळ लागेल, कारण त्यासाठी कारकुनाला बांधावर जावे लागेल. जाऊ दे की!