मढं आल्यावर मोर्चा?

वस्तीतलं पोरगं आत जातं आणि एक दिवस मढंच बाहेर येतं. कागदावर 'आत्महत्या'. साहेबाची सही. फाइल बंद!

२०१७ ते २०२१ या ५ वर्षांत देशातल्या तुरुंगांत ८१७ अनैसर्गिक मृत्यू झाले. त्यांत ६६० आत्महत्या. आकडा सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीचाच. २०२२ अखेर १०० कैद्यांत ७५ कच्चे कैदी होते. म्हंजे गुन्हा शाबीत नाही, पण जामीन नाही, जामीनदार नाही! त्यात आपली माणसं लोकसंख्येच्या मानानं जादाच.

हे म्हणतात, पोरगं मनानं कच्चं होतं. साफ खोटं! मन मोडायचा कारखाना यांचाच. आतले पहिले काही दिवस, जामीन फेटाळल्याची रात्र, शिक्षा लागल्याचा दिवस, हे सगळ्यात धोक्याचे. तेव्हा माणसाला एकटं कोंडायचं नसतं. माणसांत ठेवायचं, बोलतं करायचं. २०१६ची आदर्श तुरुंग नियमावली ५०० कैद्यांमागं एक समुपदेशक सांगते. नेमलाय का? जेलरला जाब विचारा.

आणि आपण? 'चोरटा' म्हणून आपणही त्याला टाकतो. आई लाजेनं मुलाखतीला जात नाही. मग मढं आल्यावर आपला मोर्चा!

मोर्चा काढाच, चौकशीही लावा. पण त्याआधी मुलाखतीच्या रांगेत उभे राहा. कैद्याला सरकारी खर्चानं वकील मिळणं हा हक्क हाय, तो मिळवा. जामीनदार उभा करा. पत्र टाका. बाहेर आपली कुणी वाट बघतंय, हे आतल्याला कळू द्या. त्याला जिता बाहेर काढणं, हीच लढाई!