बॅटरीवाला कॉनरॅड

आपल्याकडे 'बॅटरी आण रे' म्हटलं की पोरगं टॉर्च घेऊन येतं. तिच्यात घालायचे ते सेल! इंग्रजीच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला तरी चालेल. टॉर्च आणि सेल ही जोडी घरोघरी पोहोचवणाऱ्या 'एव्हरेडी'चा मूळ पुरुष एकच, कॉनरॅड ह्युबर्ट.

हेही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मनाव अकिबा होरोविट्झ, गाव रशियन साम्राज्यातलं मिन्स्क. तिथं त्याचा दारू गाळण्याचा धंदा होता. पण ज्यूंना तिथं सुखानं जगणं मुश्कील. तिशी उलटल्यावर, १८९१च्या सुमारास, गडी न्यूयॉर्कला उतरला आणि नाव बदललं. मग सिगारचं दुकान, खानावळ, शेती, दुधाची गाडी, दागिन्यांचं दुकान... काय काय करून पाहिलं, जम कशातच बसेना.

१८९८मध्ये त्यानं विजेच्या गमतीदार वस्तूंची कंपनी काढली. डेव्हिड मायसेल या इंग्रज कारागिरानं कागदी नळीत सेल ओळीनं बसवून पुढं दिवा लावला. १८९९मध्ये त्याचं पेटंट मिळालं, हक्क ह्युबर्टच्या कंपनीकडे. म्हणजे टॉर्चचा शोध ह्युबर्टचा नव्हे, हे आधी सांगायला हवं. त्याची करामत पुढंच आहे.

कारण तो दिवा म्हणजे फजितीच होती! सेल दुबळे, दिव्यातली तार कार्बनची. क्षणभर उजेड पडायचा, मग सेलना विश्रांती. 'फ्लॅशलाइट' हे नाव त्यावरूनच पडलं. असला दिवा घेणार कोण? ह्युबर्टनं तो न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटला. अंधाऱ्या बोळांतून गस्त घालणाऱ्यांना क्षणाचा उजेडही पुरेसा होता. त्यांनी केलेलं कौतुक हीच त्याची जाहिरात.

पुढं सेल सुधारले, दिवे सुधारले. १९०६मध्ये त्यानं निम्मी कंपनी नॅशनल कार्बनला दोन लाख डॉलरना विकली, उरलेली १९१४मध्ये.

१९२८मध्ये फ्रान्समधल्या कान इथं तो वारला. इस्टेटीचे चारांतले तीन हिस्से, सुमारे साठ लाख डॉलर, त्यानं लोककल्याणासाठी ठेवले होते. कुणाला किती द्यायचे, हे ठरवायला तिघे बसले. माजी राष्ट्राध्यक्ष कूलिज, राजकारणी अल स्मिथ आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड. एक प्रॉटेस्टंट, एक कॅथॉलिक, एक ज्यू.