उत्तरे, असल्यास

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या आठव्या कलमात एक लहानसा शब्द आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत वर्षाची पहिली ग्रामसभा भरावी आणि तिच्यापुढे पंचायतीने वार्षिक हिशेब, मागील वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षात करावयाची कामे आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी ठेवावी, असे हे कलम सांगते. टिपणीबरोबर तिला दिलेली उत्तरेही ठेवावयाची आहेत. पण ती 'असल्यास'. ग्रामीण कारभाराच्या दुखण्याचे मूळ शोधू पाहणाऱ्याने या शब्दापाशी क्षणभर थांबावे. हिशेब दाखविणे बंधनकारक, हिशेबावरील आक्षेप दाखविणेही बंधनकारक, आणि आक्षेपाचे उत्तर मात्र असले तर असले!

आक्षेपांना उत्तरे द्यावयाची पद्धत सरकारात नाही असे नव्हे. स्थानिक संस्थांच्या हिशेबांच्या तपासणीसाठी १९३० सालापासून स्वतंत्र कायदा आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक येते, पावतीपुस्तके, प्रमाणके, मोजमाप पुस्तके चाळते आणि परिच्छेदांमागून परिच्छेद लिहून जाते. मग 'अनुपालन' सुरू होते. ग्रामसेवक गटविकास अधिकाऱ्याला लिहितो, गटविकास अधिकारी जिल्हा परिषदेला लिहितो, काही परिच्छेद निकाली निघतात, काही वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात; तोवर सरपंच बदललेला असतो, ग्रामसेवकाची बदली झालेली असते आणि ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात काम करू लागलेला असतो. शेवटी केव्हातरी विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते. तिच्या स्वागतासाठी शाळांच्या भिंतींना रंग लागतो. (समितीने दरवर्षी यावे, अशी शिक्षकांची इच्छा असल्यास नवल नाही.) या साऱ्या व्यवहारात उत्तर जाते ते नेहमी वर. ज्याच्या गल्लीतील गटार कागदावर बांधले गेले, त्या माणसाकडे ते कधी उतरत नाही. त्याला उत्तर मागण्याचा हक्क आहे, हे गृहीतच धरलेले नाही.

रक्कम क्षुल्लक असती तर याकडे दुर्लक्ष करता आले असते. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना २ लाख कोटी रुपयांहून अधिक निधी दिला. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. पैसा थेट गावाच्या खात्यात यावा, ही विकेंद्रीकरणाची जुनी मागणी होती आणि ती बऱ्याच अंशी पुरी झाली. पैसा खाली आला. जाब विचारण्याचा अधिकार मात्र मुंबईत आणि जिल्ह्याच्या गावीच राहिला.

याची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. नगर तालुक्यातील निंबोडी येथे २१ ऑगस्ट २०१७ रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळले आणि तीन मुलांचा जीव गेला. अशा घटनेनंतर चौकशी होते, जबाबदारी निश्चित करण्याच्या घोषणा होतात, जिल्हाभरच्या धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या मागविल्या जातात. या याद्या आदल्या वर्षी कुणी मागितल्या असत्या तर? वर्गाच्या भिंतीला गेलेली भेग मुलांना दिसते, त्यांच्या आयांना दिसते, मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या बाईला दिसते. शासनाच्या दृष्टीने मात्र ती भेग अभियंत्याच्या अहवालात आल्यावाचून अस्तित्वात येत नाही. दुरुस्तीची मागणी कुणी केली, ती कोणत्या टेबलावर किती दिवस होती आणि तिच्याऐवजी कोणते काम मंजूर झाले, हे प्रश्न दुर्घटनेपूर्वी, शांतपणे आणि लेखी विचारणारी एखादी यंत्रणा गावाच्या हाती असावयास हवी होती.

कागदोपत्री अशी यंत्रणा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे समितीचे एक कर्तव्यच आहे. प्रत्यक्षात काय घडते हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. मुख्याध्यापक इतिवृत्ताची वही घेऊन शेतावर जातो आणि खुरपणी करणारी समितीची सभासद ओल्या हाताने सही करते. यात मुख्याध्यापकाचा दोष थोडा. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेत ठरविलेले संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छतागृहाची डागडुजी सारे भागवावयाचे. या दहा हजारांचा हिशेब पै-पैने मागितला जातो. वर्गखोलीच्या लाखोंच्या बांधकामावर मात्र समितीचा शब्द चालत नाही, कारण तो पैसा बांधकाम विभागाचा आणि निविदा दुसऱ्याच कुणाची.

नगर जिल्ह्याला हिशेब मागण्याची परंपरा नवी नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालविलेल्या आंदोलनाचा महाराष्ट्राच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याची वाट त्यातून सुकर झाली. नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो आणि उपलब्ध पाणी पाहून पिके ठरविली जातात. पाण्याच्या थेंबाचा जमाखर्च जाहीरपणे वाचणारे गाव ज्या तालुक्यात आहे, तेथे सिमेंटच्या गोणीचा जमाखर्च वाचणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

परंतु माहितीचा अधिकार हा एकट्या अर्जदाराचा अधिकार आहे, ही त्याची मर्यादा आता पुरेशी स्पष्ट झाली आहे. अर्जावर नाव एकाचे, पत्ता एकाचा आणि धमकी येते तीही एकट्याला. मावळातील जमीन व्यवहारांची प्रकरणे उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली, तेव्हा हा धोका साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. शिवाय माहिती म्हणजे उत्तर नव्हे. अर्जदाराला मोजमाप पुस्तकाची छायाप्रत मिळते. मोजमाप खोटे का, हे सांगण्यास कुणी बांधलेला नसतो.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने हा अडसर वेगळ्या रीतीने फोडला. २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांची नावे त्यात होती त्यांनीच उभे राहून सांगितले की या कामावर आपण कधी गेलोच नाही. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. सत्तरच्या दशकात दुष्काळाच्या खाईतून रोजगार हमीची योजना उभारणाऱ्या महाराष्ट्राने खरे तर याबाबत पुढाकार घ्यावयास हवा होता. अंकेक्षणे झाली, गैरव्यवहार सापडले. पण सापडलेल्या रकमेच्या मानाने वसुली फार थोडी झाली. ऐकण्याची सोय झाली होती, उत्तराची सक्ती झाली नव्हती.

ही सक्ती कशी असू शकते, याचा एक नमुना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्याकडून शिकण्यासारखे काय असणार, असे म्हणणाऱ्यांनी तपशील पाहावा. तेथील राज्यघटनेप्रमाणे ५८ काउंट्यांपैकी प्रत्येकीत दरवर्षी किमान एक 'ग्रँड ज्युरी' बसवावीच लागते. बहुतेक ठिकाणी तिच्यात १९ सामान्य नागरिक असतात. लॉस एंजेलिसमध्ये २३. न्यायालयाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या यादीतून चिठ्ठ्या टाकून त्यांची निवड होते आणि मुदत एक वर्षाची असते. नागरी कारभाराची तपासणी हे या मंडळाचे मुख्य काम. काउंटी, नगरपालिका, पाणीपुरवठ्याची आणि शाळांची मंडळे यांचे दप्तर ते तपासते, अधिकाऱ्यांना बोलावून विचारते आणि अहवाल प्रसिद्ध करते. तोपर्यंत ते आपल्याकडील एखाद्या समितीसारखेच वाटते. फरक पडतो तो पुढे. ज्या मंडळावर अहवाल असेल त्याने ९० दिवसांत, आणि निवडून आलेल्या अधिकाऱ्याने ६० दिवसांत, प्रत्येक निष्कर्षाला स्वतंत्र लेखी उत्तर द्यावयाचे. निष्कर्ष मान्य आहे की नाही, नसल्यास का नाही. शिफारस अमलात आणली, अमुक मुदतीत आणू, सहा महिन्यांच्या आत अधिक अभ्यास करू, अथवा आणणार नाही आणि त्याची कारणे ही: यांपैकी एक निवडावेच लागते. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' या मराठी नोकरशाहीच्या लाडक्या वाक्याला तेथे जागा नाही. मंडळाला कुणालाही दंड करण्याचा वा वसुलीचा अधिकार नाही; त्याला फक्त उत्तर मिळविण्याचा अधिकार आहे, आणि ते उत्तर जाहीर असते.

ज्युरी म्हटले की १९५९ चा नानावटी खटला आठवून वाचक साशंक होईल. त्या खटल्यातील ज्युरीचा निर्णय उच्च न्यायालयाने फिरविला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. येथे मुद्दा अपराधी ठरविण्याचा नाही, विचारण्याचा आहे. कॅलिफोर्नियाच्या व्यवस्थेतील खरा दोष निराळा आहे: वर्षभर असे काम करण्यास सवड असते ती निवृत्त आणि सुस्थित माणसांना, आणि त्यांचाच तेथे भरणा होतो, अशी टीका त्याच राज्यात होत आली आहे. समाजवादी विचाराच्या माणसाला हा दोष दुय्यम वाटता कामा नये. रोजंदारीवरच्या माणसाला सार्वजनिक कामासाठी रोजाचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर पंचमंडळ म्हणजे पेन्शनरांचा कट्टा होईल.

आणि रोजंदारीचा विषय निघाला की नागापूर डोळ्यांपुढे येते. नगर-मनमाड रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले हे गाव आज महापालिकेच्या हद्दीत मोडते. गाव शहरात गेले की रस्ते, दिवे, नळ यांची आशा लागते. पण त्याच दिवशी ग्रामसभा नाहीशी होते. 'असल्यास' म्हणून का होईना, लेखापरीक्षणाची टिपणी जेथे वाचली जावयाची ती जागाच उरत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांना प्रभाग समित्या दिल्या, परंतु त्या नगरसेवकांच्या समित्या आहेत. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. त्यातच नगर महापालिकेची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. जिल्हा परिषदेची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपून तेथे प्रशासक आले होते. निवडून आलेला प्रतिनिधी नाही, ग्रामसभा नाही. वसाहतीत पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या कंत्राटी कामगाराने मुलाच्या शाळेतील तुंबलेल्या संडासाबद्दल विचारावयाचे तर कुणाला?

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. आठव्या कलमातील तो शब्द गाळावा आणि त्याच्या जागी नव्वद दिवसांची मुदत घालावी. तालुक्यात आणि महापालिकेच्या प्रत्येक प्रभागात मतदार यादीतून चिठ्ठीने निवडलेले, निम्म्या स्त्रिया असलेले, किमान वेतनाइतका रोज मिळणारे पंचमंडळ एका वर्षासाठी बसवावे. पंचायत, शाळा, दवाखाना आणि बांधकाम विभाग या सर्वांचे दप्तर त्याला खुले असावे आणि त्याच्या प्रत्येक निष्कर्षाला लेखी उत्तर द्यावेच लागावे.

या मागणीला पहिला विरोध पक्षाच्या आतूनच होईल, हे लपविण्यात अर्थ नाही. 'आपलेही सरपंच आहेत' हे वाक्य कार्यकर्त्यांच्या बैठकीत हलक्या आवाजात बोलले जातेच. त्याची फार दखल घेण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. राखीव जागेवरून निवडून आलेल्या दलित, आदिवासी अथवा स्त्री सरपंचाला खाली खेचण्यासाठी गावातील धनदांडगे हिशेबाचेच हत्यार वापरतात. तपासणीची आणखी एक तलवार त्यांच्या हाती का द्यावी? पण आज ती तलवार आहेच. आज आरोप पारावर होतो, अविश्वासाचा ठराव बंद दाराआड शिजतो आणि त्या बाईला आपली बाजू लेखी मांडण्याची जागाच नसते. प्रश्न लेखी, उत्तर लेखी, दोन्ही जाहीर, आणि विचारणारे मंडळ चिठ्ठीने निवडलेले असेल, तर ज्याच्या बाजूला कागद आहे त्याला बळ मिळते. ज्याच्या बाजूला केवळ जात आणि ट्रॅक्टर आहेत त्याला नव्हे.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एप्रिल-मेमध्ये गावोगावी वर्षाची पहिली ग्रामसभा भरावयाची असते. गणपूर्तीअभावी ती तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही युक्ती सर्वांना पाठ आहे. म्हणून तहकूब सभेलाही कार्यकर्त्यांनी हजर राहावे. कलम आठचा हवाला देऊन लेखापरीक्षण टिपणी मागावी, ती मोठ्याने वाचावयास लावावी आणि प्रत्येक आक्षेपापुढे उत्तर विचारावे. उत्तर नसेल तर 'उत्तर नाही' एवढे दोन शब्द ग्रामसेवकाकडून इतिवृत्तात लिहून घ्यावेत आणि त्याची प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांना द्यावी. नागापूरसारख्या ठिकाणी पहिला अर्ज एका ओळीचा असावा: या प्रभागातील क्षेत्रसभा आजवर किती वेळा भरली, आणि पुढची केव्हा भरणार आहे.