चाळीस किलोमीटरवर एक रान

जंगलात जायचे आपल्याकडे दोनच रस्ते उरले आहेत. एक अभयारण्याचा. नाक्यावर पावती फाडायची, आत जायचं आणि दिवेलागणीच्या आत बाहेर पडायचं. दुसरा धरणाकाठच्या तंबूंचा. माणशी पैसे भरायचे आणि शेजारच्या तंबूवाल्याचा डीजे थांबेपर्यंत जागं राहायचं. शनिवारी रात्री पवनेच्या काठावर जाऊन बघा, रातकिडेसुद्धा लाजून गप्प बसलेले असतात. पण घरचा डबा घेऊन, पोराबाळांसह, झाडाखाली एक रात्र स्वस्तात काढायची असेल तर? वनविभागाची काही निसर्ग पर्यटन केंद्रं आहेत. पण ती कुठे आहेत आणि तिथे खोली कशी मिळते, हे ज्यांच्या ओळखीपाळखी आहेत त्यांनाच ठाऊक.

हे मनात घोळायला लागलं ते लेकीकडे पेनसिल्व्हेनियाला गेले तेव्हा. तिथल्या रिकेट्स ग्लेन नावाच्या स्टेट पार्कात आम्ही तंबू टाकून राहिलो. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारनं सांभाळलेलं रान. आत जायला तिकीट नाही, गाडी लावायलाही पैसे नाहीत. मुक्कामाची जागा मात्र आधी राखून ठेवावी लागते, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ती मिळवताना आपल्या रेल्वेच्या दिवाळीतल्या आरक्षणाची आठवण येते. दारू पूर्ण बंद. प्रत्येक जागेवर एक लाकडी मेज, बाक आणि जमिनीत पक्कं केलेलं लोखंडी कडं, त्यावर जाळी. जाळ करायचा तो त्या कड्यातच. लाकडंही जवळपासचीच घ्यायची, कारण लांबून आणलेल्या ओंडक्यांबरोबर झाडं मारणारी कीड येते.

त्या जाळीवर मी वांगं भाजलं. तिकडचं वांगं चांगलं नारळाएवढं. ओकच्या निखाऱ्यावर साल तडतडून फुटली, आत धूर मुरला. कांदा, मिरची, कोथिंबीर आणि वरून कच्चं तेल घालून जे भरीत झालं, तसं माझ्या संगमनेरच्या गॅसवर आजवर झालेलं नाही. जेवण उरकल्यावर जावईबापूंनी तेलाची बाटली, खरकटी भांडी, नातीची टूथपेस्टसुद्धा उचलून गाडीत बंद केली. वासावर काळी अस्वलं येतात म्हणून. हा नियम फलकावर होता, तंबू ठोकताना हातात दिलेल्या कागदावर होता, आणि संध्याकाळी गणवेशातला माणूस चक्कर मारताना तोंडीही सांगून गेला. रानात वावरायचं कसं, हे येणाऱ्याला सांगणं हे तिथं कुणाचं तरी रोजचं काम आहे.

सकाळी धबधब्यांच्या वाटेनं उतरलो. किचन क्रीक या ओढ्यावर आणि त्याच्या दोन फाट्यांवर मिळून नावाचे 22 धबधबे आहेत. पूर्ण फेरी साडेअकरा किलोमीटरांच्या आसपास. माझे गुडघे 94 फुटी गनोगापर्यंत उतरायला तयार झाले, पुढे नाही. बऱ्याच धबधब्यांना मोहॉक, ओनायडा, सेनेका अशी आदिवासी जमातींची नावं आहेत. ज्यांच्याकडून जमिनी काढून घेतल्या त्यांची नावं पाण्याला द्यायची, हे औदार्य मला काही पचलं नाही.

या रानाचा इतिहास मात्र आपण नीट वाचावा असा आहे. हे काही अनादी अरण्य नव्हे. दरीतली काही झाडं तीनशे वर्षांहून जुनी आहेत हे खरं, पण भोवतालचा मुलूख कर्नल रिकेट्स या जमीनदाराच्या मालकीचा होता आणि तिथली लाकूडतोड 1913 पर्यंत चालली. डोंगर बोडके झाले. पुढे तिथं राष्ट्रीय उद्यान करायचं घाटत होतं, ते युद्धाच्या धामधुमीत बारगळलं, तेव्हा राज्यानं 1942 मध्ये जमीन विकत घेतली. आज जी दाट सावली दिसते, ती बहुतेक तोड थांबल्यानंतर वाढलेली.

त्याच राज्यात 1955 पासून वनं आणि जलखात्याची धुरा सांभाळणारे मॉरिस गोडार्ड यांनी एक साधं उद्दिष्ट ठरवलं होतं: प्रत्येक नागरिकाच्या घरापासून 25 मैलांच्या आत एक स्टेट पार्क असावा. म्हणजे चाळीस किलोमीटर. लोकांनी निसर्गावर प्रेम करावं वगैरे उपदेश नाही, सरळ अंतर सांगितलं. अंतर मोजता येतं, म्हणून सरकारला जाब विचारता येतो.

आपल्याकडे अंतर नसतं, आदेश असतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश निघाले. दुर्घटना घडली की बंदी, पाऊस ओसरला की विसर, हे आता वेळापत्रकच झालं आहे. धबधबे रिकेट्स ग्लेनमधलेही जीवघेणेच आहेत. हिवाळ्यात ती वाट बर्फानं गोठते, तेव्हा बर्फावर चढायची साधनं जवळ असतील त्यालाच सोडतात. बंदी तिथेही आहे, पण ती कशासाठी आणि कुणासाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा कार्तिकात मुलांना आवळीखाली वनभोजनाला न्यायचो. भाकरी, पिठलं, ओढ्याचं पाणी. आता परवानग्यांच्या भीतीनं सहल वॉटर पार्कला जाते. मुख्याध्यापकांना तरी दोष कसा द्यायचा?

अशी रानं उभारायला पैसा नाही, माणसं नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. मंदीच्या काळात, 1933 ते 1942, अमेरिकेनं बेकार पोरांना मजुरी देऊन झाडं लावून घेतली, उद्यानांतल्या वाटा आणि लाकडी खोल्या बांधून घेतल्या. आपण 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव खोदले, रस्ते केले. त्याच योजनेतून डोंगरवाटेच्या पायऱ्या, कठडे, संडास का होऊ नयेत? राखीव अभयारण्यांना हात लावायची गरजच नाही. तालुक्यातालुक्यात वनखात्याच्या बोडक्या टेकड्या पडून आहेत. त्यातली एकेक घ्यावी, देशी झाडं लावावीत, पाण्याची सोय करावी, तंबूंची संख्या ठरवून द्यावी.

आणि चालवायला ठेकेदार नको. वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाले, आणि गावानं आपलं जंगल सांभाळून दाखवलं. ज्या डोंगरावर ठाकरांची, महादेव कोळ्यांची वस्ती आहे, तिथे वाटाड्या, पहारेकरी आणि पावती फाडणारा त्यांच्यातलाच असावा. नाहीतर आपणही उद्या माणसं हलवू आणि धबधब्याला त्यांचं नाव देऊ.

नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतात, रस्ते आणि गटारींचं बोलतात. त्यांना एवढंच विचारा: आमच्या गावापासून चाळीस किलोमीटरच्या आत, मुलांना घेऊन एक रात्र राहता येईल असं सरकारी रान कुठे आहे? नसेल तर ते कधी करणार, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.