इसाराला वाचवायची चाल का नाही?

डार्कसेन लोकांना आडनाव नसतं. कधीकाळी होतं, जिंकणाऱ्यांनी ते काढून घेतलं. फार पूर्वी याच लोकांनी सगळा मुलूख बेचिराख केला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. म्हणून त्यांचे गडद निळे केस दिसले की लोकांच्या कपाळावर आठ्या चढतात.

हे लोक 'व्हॅल्किरिया क्रॉनिकल्स' या व्हिडिओ गेममधले आहेत. सेगा या जपानी कंपनीने तो २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आणला. २०१४ पासून तो कॉम्प्युटरवरही खेळता येतो. काळ १९३५ चा, भूमी युरोपसारखी पण कल्पित. गॅलिया या छोट्या देशावर साम्राज्य चालून येतं आणि वेल्किन गुंथर या तरुणाकडे सातव्या तुकडीची जबाबदारी येते. ही तुकडी आपण लढवायची. प्रत्येक फेरीत मोजक्याच आज्ञा देता येतात. त्यांत कोणाला पुढे काढायचं, कोणाला आडोशाला ठेवायचं, हे आपण ठरवायचं.

प्रत्येक सैनिकाचे स्वभावविशेष गेममध्ये नोंदवलेले असतात आणि त्यांचा परिणाम लढाईवर होतो. काहींच्या नोंदीत डार्कसेनद्वेष असतो. डार्कसेन सोबती जवळ आला की अशा सैनिकाची कामगिरी घसरते. एकाच्या मनातल्या द्वेषाची किंमत सगळी तुकडी मोजते, हे या गेमने नेमकं पकडलं आहे.

वेल्किनची दत्तक बहीण इसारा डार्कसेन आहे. तुकडीचा 'एडेलवाइस' रणगाडा तिच्या वडिलांनी बनवलेला, आणि तो चालवते तीच. तो नष्ट झाला की डाव हरलात. तरीही तुकडीतली रोझी तिला पाण्यात पाहते. इसारा उलट उत्तर देत नाही. काम करत राहते. किनाऱ्यावरच्या एका अवघड लढाईसाठी धुराचे गोळे वापरायची युक्ती तिचीच. लढाई जिंकली जाते. रोझी अखेर तिच्याशी चार शब्द चांगले बोलू पाहते, आणि त्याच क्षणी शत्रूची गोळी इसाराला लागते.

आता गेमचा नियम पाहा. सैनिक कोसळला की तीन फेऱ्यांच्या आत सोबत्याने त्याच्यापर्यंत पोहोचायचं. शत्रू आधी पोहोचला नाही, तर तो वाचतो. इसाराच्या बाबतीत हा नियम लागूच होत नाही. तिचा मृत्यू कथेत आधीच लिहिलेला आहे. आपल्या हातात एकही चाल नाही. त्या मृत्यूनंतर रोझी बदलते, आणि खेळणाऱ्याचे डोळे भरून येतात.

आमचा आक्षेप इथेच आहे. रोझीचं मन पालटावं म्हणून इसाराने का मरावं? आधी दुप्पट कष्ट करून लायकी सिद्ध करायची, अपमान गिळायचा, आणि शेवटी जीव दिल्यावर माणूस म्हणून मान मिळवायचा, हा क्रम आपल्याला परका नाही. आपल्याकडेही विद्यार्थी गेल्यावर मेणबत्त्या लागतात; तो जिवंत असताना त्याची थकलेली फेलोशिप कोणी विचारत नाही. घरातला पहिला पदवीधर कॉलेजात जातो तेव्हा त्याला हाच सल्ला मिळतो: तू चांगलं काम कर, लोक आपोआप बदलतील. इसाराने याहून चांगलं काम काय करायला हवं होतं?

याच गेममध्ये याहून मोलाचंही काही आहे. तो विध्वंस डार्कसेनांनी केलाच नव्हता. विजयी व्हॅल्किरियांनी स्वतःचं पाप त्यांच्या माथी मारलं होतं, हे पुढे उघड होतं. गॅलियाचं राजघराणंही मुळात डार्कसेन; आपल्याच लोकांशी दगा करून ते गादीवर बसलं आणि आपली ओळख लपवत आलं. शेवटी राजकन्या कॉर्डेलिया ती सगळ्यांसमोर सांगते. मुलाखतीत आडनाव गिळून फक्त वडिलांचं नाव सांगणाऱ्यांना त्या दृश्याचं वजन वेगळं सांगायला नको.

गेम जरूर खेळा. इसारासाठी रडूही येईल. पण रडून झाल्यावर तो तीन फेऱ्यांचा नियम आठवा. जो कोसळला त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचणं हे तुकडीचं काम, आणि तो नियम सगळ्यांना सारखा हवा. आपल्या हॉस्टेलात, विभागात, ऑफिसात कोणी एकटं पडलं असेल, तर त्याच्यासाठी कथा अजून लिहून झालेली नाही. चाल आपल्या हातात आहे.