पेटीतील डबी आणि थडग्यातील पेले

आमच्या एका वाचक भगिनींनी पत्राद्वारे पृच्छा केली आहे : वडिलांच्या शवपेटीत जपमाळेबरोबर त्यांची नित्याची तपकिरीची डबीही ठेवली, चुलते म्हणाले, ही मूर्तिपूजकांची चाल, तर आमच्या हातून अपराध घडला काय? उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्यांस इंग्लंडातील एका थडग्यापाशी नेऊ इच्छितो.

इ. स. २००३ मध्ये एसेक्स परगण्यात प्रिटलवेल येथे उत्खनन चालू असता मातीखाली लाकडी भिंतींची एक खोली आढळली. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोणा थोर अँग्लो-सॅक्सन पुरुषास तेथे पुरले होते. आम्लधर्मी मातीने देह पार गिळून टाकला होता. दातांचे काही तुकडे तेवढे उरले. काचेचे चार पेले मात्र टिकून होते. दोन निळे, दोन हिरवे.

त्या काळी काचेचा पेला ही श्रीमंताघरची वस्तू. कित्येकांस बैठकच नसे. तळ गोल वा निमुळता, म्हणून भरलेला पेला रिता केल्याविना खाली ठेवता येत नसे. (यजमानाची ही युक्ती आम्हांस फारशी पसंत नाही!) सर्वांत नवलाचा तो नखांचा पेला. फुंकून फुगविलेल्या पात्राच्या अंगास तप्त काचेचा गोळा चिकटवावयाचा, त्या जागची भिंत मऊ झाली की पुन्हा फुंकावयाचे, आणि तो फुगा खाली ओढून अंगासच जोडावयाचा. अशी हत्तीच्या सोंडेसारखी पोकळ नखे पेल्यास लोंबत व पेय त्यांतही उतरे. १७७५ साली डरहॅम परगण्यात कॅसल ईडन येथे सापडलेला असा एक सुंदर पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

परंतु प्रिटलवेलच्या थडग्यात आणखी काही होते. मस्तकाच्या जागी सोन्याच्या पातळ पत्र्याचे दोन लहान क्रूस मिळाले. बहुधा ते मृताच्या डोळ्यांवर ठेवले असावेत. पोप संत ग्रेगरी यांनी धाडलेले संत ऑगस्टिन (हिप्पोचे महापंडित ते निराळे) ५९७ साली केंटमध्ये उतरले, तरी केंटची राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती. नवा धर्म त्या किनाऱ्यास अगदीच अनोळखी नव्हता.

पुढे शतकभरात थडग्यांत वस्तू ठेवण्याची चाल मावळत गेली. काच मात्र मंदिरात आली. संत बेनेडिक्ट बिस्कप यांनी ६७४ साली स्थापिलेल्या वेअरमथच्या मठासाठी गॉल देशाहून काचकारागीर आणविले. संत बीड लिहितात की, त्यांनी खिडक्या तर बसविल्याच, शिवाय ती विद्या इंग्रजांस शिकविली. देवळातील दिवे व नाना उपयोगांची भांडी करण्यास ती कामी आली.

आता भगिनींस उत्तर. परलोकी तपकिरीवाचून वडिलांचे अडेल, अशा समजुतीने डबी ठेविली असती तर आम्ही चुलत्यांच्या बाजूने बोललो असतो. तुमच्या पत्रात तर केवळ माया दिसते. ज्यांनी त्या पुरुषाजवळ पेले मांडले, त्यांनीच त्याच्या डोळ्यांवर क्रूस ठेविले असतील. तेव्हा मनास लावून घेऊ नये. वडिलांचे नाव व मृत्यूची तारीख मात्र कळवावी. येत्या शुक्रवारच्या मिस्सात आम्ही त्यांचे स्मरण करू. चुलत्यांसही घेऊन यावे.