हाडांची सलाइन : भिऊ नका, पण विचारल्याशिवाय घेऊ नका

सलाइन म्हटले की आपल्या माणसांना धीर येतो. अशक्तपणा वाटला, कामाने अंग मोडून आले, की लोक स्वतःच म्हणतात, "साहेब, एक बाटली लावा." या सवयीमुळे एका औषधाबद्दल मोठा गैरसमज होतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड नावाचे औषध देतात. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत ते पाच मिलिग्रॅम असते. दिसायला सलाइनच, पण ती ताकदीची बाटली नव्हे. ते औषध हाडात जाऊन बसते आणि वर्षभर काम करते.

आम्ही डॉक्टर नाही, दिवसभर फायली हाताळणारी माणसे. पण नांदेड-लातूरला रुग्णांसोबत जाणे होते आणि घरोघर तेच प्रश्न कानी येतात. म्हणून जाणकारांकडून समजून घेतलेले येथे मांडतो.

आपले हाड रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरून येते. पाळी बंद झाल्यावर झीज वाढते, भर कमी पडते. हे औषध झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, सात हजारांहून अधिक स्त्रियांवरील तीन वर्षांच्या अभ्यासात औषध न मिळालेल्यांपैकी हजारी सुमारे २५ जणींचा खुबा मोडला. औषध मिळालेल्यांत हजारी सुमारे १४. मणक्याच्या बाबतीत फायदा याहून मोठा दिसला. आकडा लहान वाटेल. पण कष्टकऱ्याच्या घरात खुबा मोडला की एक माणूस अंथरुणाला खिळते, दुसरे त्याच्या उशाशी बसते आणि दोघांचा रोज बुडतो.

आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीसोबत अंडाशयही काढले असेल, तर हाडांची झीज ऐन तारुण्यात सुरू होते. अशा भगिनींनी डॉक्टरांना हे आपणहून सांगावे.

आता त्रासाकडे वळू. सर्वांत जास्त होणारा त्रास म्हणजे ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी. बहुधा पहिल्या तीन दिवसांत तो सुरू होतो आणि बहुतेकांना तीन-चार दिवसांत उतार पडतो. त्याच अभ्यासात पहिल्या बाटलीनंतर शंभरात सुमारे ३२ जणींना असा त्रास झाला, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी फक्त ३. आमच्या ओळखीच्या एका मावशींना दोन दिवस ताप आला. शेजारणींनी "रिॲक्शन झाली" म्हणून घाबरवले आणि मावशींनी पुढच्या वर्षीच्या बाटलीला ठाम नकार दिला. असा निर्णय शेजारणींच्या बोलण्यावर घेऊ नये. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी, पाणी भरपूर प्यावे. ताप लांबला तर मात्र दवाखाना गाठावा. प्रत्येक ताप औषधाचाच असतो असे नाही.

खरा धोका मूत्रपिंडाचा आहे. मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर हे औषध देतच नाहीत. म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासलेच पाहिजे. आपल्याकडे गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणून रोज खाण्याची रीत आहे. त्या दुखण्याच्या गोळ्याही मूत्रपिंडावर ताण आणतात. साखर, रक्तदाब आणि या गोळ्या, काहीही लपवू नका. बाटली निदान पंधरा मिनिटे तरी चालली पाहिजे. "लवकर संपवा, गाडी चुकेल," अशी घाई सिस्टरला करू नये. उपाशीतापाशी, पाणी न पिता जाऊन बसू नये.

दुसरी तपासणी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची. ही कमी असताना बाटली लावली तर रक्तातले कॅल्शियम आणखी उतरते. तोंडाभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. किनवटकडील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानेही हाडे दुखतात, पण तो आजार वेगळा. तेथील माणसांनी आपल्या गावचे पाणीही डॉक्टरांच्या कानी घालावे.

तिसरी गोष्ट दातांची. क्वचित या औषधाने जबड्याचे हाड उघडे पडते आणि जखम भरत नाही. दात काढल्यावर हा धोका वाढतो. कर्करोगात हेच औषध वारंवार देतात, तेथे तो अधिक असतो. मिश्री, तंबाखूने ज्यांचे दात हलू लागले आहेत, त्यांनी आधी दात दाखवून घ्यावेत, काढायचे ते काढून जखम भरू द्यावी आणि मगच बाटली घ्यावी.

डोळा लाल होऊन दुखणे, छातीत धडधड, लघवी कमी होणे, अनेक वर्षे औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत नवी ठणक लागणे, हे विरळ आहे. पण झाले तर घरी बसू नये. मांडीची ठणक कधी कधी हाड तडकण्याची आगाऊ सूचना असते.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे अस्थिरोग विभाग आहेत. तेथे बिनदिक्कत विचारा. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, बाटलीवरचे नाव आणि बॅच नंबर एका पिशवीत जपून ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टर बदलले तरी कागद बोलतो. औषधाचा त्रास झाला तर ते कळवण्यासाठी सरकारची १८००-१८०-३०२४ ही बिनपैशाची हेल्पलाइन आहे. रुग्णाने भरायचा फॉर्म मराठीतही निघालेला आहे.

बंधू-भगिनींनो, बाटली लावण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारा : माझे मूत्रपिंड तपासले का? कॅल्शियम पुरेसे आहे का? दात दाखवून येऊ का? असे विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर उलट समाधानाने उत्तर देतो. आणि आपली आई वाचता येत नाही म्हणून गप्प बसत असेल, तर तिच्या वतीने शिकलेल्या लेकीने नाहीतर सुनेने विचारावे.